नदीचे पाणी व नदीचा गाळ : वापरण्यापूर्वी तपासणी

वैशाखाच्या उन्हाने नदीचे पात्र उघडे पडले म्हणजे वऱ्हाडातील काठच्या शेतकऱ्याचे लक्ष दोन गोष्टींकडे जाते. एक, डोहात उरलेले पाणी. व दुसरी, पात्रात साचलेला काळा गाळ. पाणी मोटारपंपाने उचलून भाजीपाल्यास द्यावे आणि गाळ ट्रॉलीत भरून हलक्या रानावर पसरावा, ही रीत जुनी आहे व मुळात ती शहाणपणाची आहे. पावसाने वाहून नेलेली माती शेतात परत आणणे यात गैर ते काय? शासनानेही २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेद्वारे धरणे व तलाव यांतील गाळ शेतात नेण्यास उत्तेजन दिले आहे. परंतु ज्या नदीत शहराचे सांडपाणी व कारखान्यांचे निचऱ्याचे पाणी मिसळते, त्या नदीच्या बाबतीत ही रीत जशीच्या तशी पाळता येत नाही. तेथे आधी तपासणी व मग वापर, असा क्रम ठेवावा लागतो.

शहराच्या खालच्या अंगास असलेल्या एका गावी प्रस्तुत लेखक गेला असता एक वयस्क शेतकरी नदीतील गाळाच्या ट्रॉल्या आपल्या शेतात रिकाम्या करीत होते. गाळ काळाभोर व मऊ होता. मात्र त्यास सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हा गाळ तपासल्यावाचून पसरू नये, असे सुचविताच ते म्हणाले, ‘‘साहेब, असा काळा गाळ पऱ्हाटीले सोन्यासारखा राह्यते. तुम्ही उगाच कायले भेव दाखवता?’’ आणि थोड्या वेळाने, काहीशा रागाने, ‘‘घाण शहरानं करावं, अन् थांबावं आम्ही?’’

त्यांचा दुसरा प्रश्न अगदी न्याय्य आहे व त्याचे उत्तर या लेखात पुढे येईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधी दिले पाहिजे. कारण एकदा शेतात पसरलेला गाळ पुन्हा वेचून काढता येत नाही.

नदीत पाणी येते कोठून?

मोर्णा नदी अकोला शहरातून वाहते व पुढे पूर्णेस मिळते. अमरावतीजवळून जाणारी पेढी हीदेखील पूर्णेचीच उपनदी होय. पूर्णा मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. म्हणजे अकोल्याच्या नाल्यात सोडलेली वस्तू अकोल्यापुरती राहत नाही.

अकोला शहर पिण्याचे पाणी काटेपूर्णा नदीवरील महान येथील धरणातून घेते. सांडपाणी मात्र मोर्णेत जाते. अमरावती शहरास पाणी ऊर्ध्व वर्धा धरणातून, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातून येते. परंतु वापरल्यानंतर ते पेढीच्या वाटेने तापीच्या खोऱ्यात जाते. शहरास पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा हिशेब अभियंते धरतात. त्यामुळे पावसाळा संपल्यावर, नदीचा स्वतःचा प्रवाह आटल्यानंतर, शहराच्या खाली जे पाणी वाहताना दिसते त्यात नदीचा वाटा थोडा व नाल्यांचा वाटा मोठा असतो. उन्हाळ्यातही येथे पाणी मिळते, याचा आनंद मानण्यापूर्वी ते पाणी कोणाचे, हे पाहिले पाहिजे.

या सांडपाण्यात कारखान्यांच्या पाण्याची भर पडते. डाळ व तेलाच्या गिरण्यांच्या धुण्याच्या पाण्यात सडणारे सेंद्रिय द्रव्य अधिक असते. कापड रंगविणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात रंग, सोडा व मीठ असते. धातूवर मुलामा देणारे छोटे कारखाने, बॅटरी दुरुस्तीची दुकाने, मोटारींची गॅरेजे यांच्या पाण्यातून शिसे, जस्त, क्रोमियम, निकेल, कॅडमियम यांसारखे धातू व वापरलेले तेल नाल्यात उतरते. प्रत्येकाचा वाटा लहान दिसतो. परंतु नाला सर्वांचा एकच असतो.

महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध आपला कायदा १९६९ साली केला. देशाचा कायदा १९७४ साली झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित म्हणून नोंदविले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. २०२२ सालच्या यादीत देशातील संख्या ३११ वर आली. परंतु महाराष्ट्राची ५५ झाली व ती सर्व राज्यांत अधिक होती. आपल्या भागात मोर्णेवर अकोल्याच्या रेल्वे पुलाच्या खाली आणि पेढीवर दाढी-पेढी गावच्या पुलाजवळ शासकीय तपासणीची ठिकाणे आहेत. ही नित्याची तपासणी मुख्यतः पाण्याची असते. गाळाकडे पाहणे हे आपल्यावर, म्हणजे तो शेतात नेणाऱ्यांवर, अधिक अवलंबून आहे.

पाणी आजचे सांगते, गाळ अनेक वर्षांचे सांगतो

पाण्याचा नमुना हा त्या घटकेचा नमुना होय. कारखान्याने रात्री सोडलेले पाणी सकाळपर्यंत दहा कोस पुढे गेलेले असते. सकाळी भरलेल्या बाटलीत त्याचा मागमूसही लागत नाही. गाळाचे तसे नाही. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू पाण्यात फार काळ विरघळून राहत नाहीत. ते चिकणमातीच्या बारीक कणांना व सेंद्रिय द्रव्याला चिकटतात आणि पाणी जेथे संथ होते तेथे त्यांच्यासह तळाशी बसतात. दरवर्षीच्या पुरानंतर त्यावर नवा थर चढतो. सावकाराच्या वहीत जशी जुनी बाकी राहते, तशी नदीची बाकी गाळात राहते. यास्तव पाणी स्वच्छ दिसू लागले तरी गाळ निर्दोष झाला, असे मानू नये.

दुसरी गोष्ट अशी की सेंद्रिय घाण कालांतराने कुजून नाहीशी होते, परंतु धातू कुजत नाही व उडूनही जात नाही. एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका एकरात १२० टन गाळ पसरला आणि त्या गाळात चांगल्या मातीपेक्षा दर किलोस १३० मिलिग्रॅम शिसे जास्त आहे. दर किलोस १ मिलिग्रॅम म्हणजेच दर टनास १ ग्रॅम. म्हणून एका एकरात १५ किलो ६०० ग्रॅम शिसे अधिक आले. आता त्या एकरातून १० क्विंटल धान्य निघाले व धान्याच्या दर किलोत १ मिलिग्रॅम शिसे गेले असे धरले, तरी वर्षाला अवघा १ ग्रॅम शिसे बाहेर पडेल. या गतीने जमीन पूर्ववत होण्यास पंधरा हजारांहून अधिक वर्षे लागतील. आणि इतके शिसे असलेले धान्य तर खाण्यालायकही राहणार नाही. गाळ पसरण्याचे काम दोन दिवसांचे. परंतु त्याचा परिणाम नातवंडांनाच नव्हे, तर पुढील सर्व पिढ्यांना भोगावा लागतो.

ही केवळ कागदावरची भीती नाही. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या वरच्या बाजूस असलेल्या कामिओका खाणीतून कॅडमियम नदीत येत असे. शेतकऱ्यांनी त्या नदीचे पाणी भातखाचरांस दिले. पाण्याबरोबर आलेला गाळ खाचरांत बसला आणि कॅडमियम भातात उतरले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली व हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या खोकल्याने ती मोडत. वेदनेने लोक जो शब्द उच्चारीत, तोच ‘इताई-इताई’ हे त्या रोगाचे नाव झाले. १९६८ साली जपान सरकारने त्याचे कारण मान्य केले. पुढे त्या खाचरांची माती बदलून ती पूर्ववत करण्याचे काम १९७९ साली सुरू झाले व २०१२ साली संपले. कॅडमियम उतरले थोड्या-थोड्याने. काढण्यास मात्र तेहतीस वर्षे लागली.

आपली काळी जमीन : तिचा गुण व तिची अडचण

आपली परिस्थिती जपानी भातखाचरांसारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. वऱ्हाडची काळी जमीन चिकण, चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असते. अशा जमिनीत शिसे व कॅडमियम घट्ट धरले जातात आणि आम्लधर्मी जमिनीपेक्षा पिकात कमी उतरतात. हा तिचा गुण होय. परंतु धरून ठेवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. शिवाय पालक, मेथी, सांभार यांसारख्या पालेभाज्यांत धातू धान्यापेक्षा अधिक उतरतात, आणि मुळा, गाजर यांना चिकटलेल्या मातीबरोबरही ते घरात येतात.

नदीच्या तळाशी प्राणवायू नसल्याने गाळ काळा पडतो व त्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा गाळात धातू गंधकाशी संयोग पावून बांधलेले असतात. तोच गाळ शेतात पसरला, उन्हाने सुकला व त्यास हवा लागली म्हणजे हा संयोग सुटतो आणि बांधलेला धातू मोकळा होऊ लागतो. म्हणून ‘नदीत त्याने कोणाचे काही बिघडले नाही, मग शेतात काय बिघडेल’ हा युक्तिवाद बरोबर नाही. काळा रंग हा नेहमीच सुपीकतेचा असतो असे नाही; कधी तो केवळ प्राणवायूच्या अभावाचा असतो.

काळ्या जमिनीची खरी अडचण सोडियमची आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांस पसरलेल्या खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्यांस ती नव्याने सांगावयास नको. सोडियम वाढला म्हणजे चिकणमातीचे कण सुटे होतात, जमिनीची छिद्रे बुजतात, पावसाचे पाणी वर साचते आणि सुकल्यावर दगडासारखी ढेकळे निघतात. अशा जमिनीत सोडा व मीठ असलेले पाणी ओलितास देणे म्हणजे दुखणे विकत घेणे होय. परंतु खारपाण पट्ट्यात विहिरीचेही पाणी खारे; यामुळेच नदीच्या पाण्याचा मोह तेथे अधिक पडतो. म्हणून तेथेच तपासणीची गरजही अधिक आहे.

नमुना कोठून व केव्हा घ्यावा?

एकाच ठिकाणच्या नमुन्यावरून काहीही ठरविता येत नाही. निदान तीन ठिकाणे निवडावीत. पहिले, शहर व कारखाने यांच्या वर, जेथे नदी तुलनेने स्वच्छ आहे. दुसरे, सर्व नाले मिळाल्यानंतर पुरेशा अंतरावर; नाल्याच्या तोंडाशी नमुना घेऊ नये, कारण तेथे घाण पाणी एकाच काठाला धरून वाहते व नदीत पुरते मिसळलेले नसते. तिसरे, आपल्या गावचे पंप जेथे बसविलेले आहेत किंवा जेथून गाळ काढला जातो, ते ठिकाण.

वरच्या बाजूचा नमुना अत्यावश्यक आहे. आपला सारा मुलूख काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकाच्या मातीत तांबे, निकेल व क्रोमियम निसर्गतःच बरेच असतात. वरचा नमुना नसेल तर खडकाचा दोष कारखान्यावर किंवा कारखान्याचा दोष खडकावर जाईल. वरच्या व खालच्या गाळांतील फरक हाच आपला खरा पुरावा.

पाण्याचे नमुने वर्षातून तीनदा घ्यावेत : मे महिन्यात पाणी अगदी कमी असताना, मृगाच्या पहिल्या पुरात तळाचा गाळ ढवळून निघतो तेव्हा, आणि दिवाळीनंतर रब्बीचे ओलीत सुरू होण्यापूर्वी. गाळाचा नमुना पूर ओसरल्यावर एकदा व उन्हाळ्यात गाळ काढण्यापूर्वी एकदा घ्यावा.

पाण्याचा नमुना घेण्याची पद्धत

क्षारांच्या तपासणीकरिता दोन लिटरांचा स्वच्छ प्लॅस्टिकचा डबा पुरे. औषधाचा, रॉकेलचा किंवा तेलाचा डबा घेऊ नये. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे व नदीच्याच पाण्याने डबा तीन वेळा विसळावा. काठाचे पाणी न घेता मुख्य धारेतून, पृष्ठभागाखाली वीतभर खोल डबा बुडवून भरावा. वर हवा राहू देऊ नये. डब्यावर गाव, नदी, ठिकाण, तारीख व वेळ ताबडतोब लिहावी. घरी जाऊन लिहू म्हटले की डबे अदलाबदल होतात. नमुना सावलीत, शक्य तर बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा.

जंतूंच्या तपासणीस निर्जंतुक बाटली लागते. ती प्रयोगशाळेतूनच आणावी. धातूंच्या तपासणीच्या बाटलीत नत्राम्ल टाकावे लागते, व पाण्यातील प्राणवायूचे मापन जागेवरच रसायन घालून करावे लागते. ही कामे जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावीत. नत्राम्ल गावकऱ्यांनी हाताळू नये.

गाळाचा नमुना घेण्याची पद्धत

मातीचा नमुना घेण्याची रीत आपल्या कार्यकर्त्यांस ठाऊक आहे. गाळाची रीत थोड्या फरकाने तीच होय.

१. जेथे पाणी संथ असते अशी जागा, म्हणजे वळणाचा आतला काठ किंवा बंधाऱ्याची मागची बाजू, निवडावी. वाळू घेऊ नये. धातू बारीक गाळात असतात.

२. लोखंडी फावडे किंवा जस्ताचे घमेले वापरू नये. लाकडी उलथणे व प्लॅस्टिकचे टोपले घ्यावे.

३. दहा-दहा पावलांच्या अंतराने पाच-सहा जागांवरील वरचा दोन इंच थर घ्यावा. गाळ काढून शेतात न्यावयाचा असेल, तर जितका खोल काढणार तितक्या खोलीवरचा एक वेगळा नमुना घ्यावा. जुनी घाण पुष्कळदा खालच्या थरात असते.

४. सर्व गाळ एकत्र कालवावा, खडे व काडीकचरा काढावा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. सुमारे एक किलो उरेपर्यंत असे करावे.

५. नमुना स्वच्छ कागदावर सावलीत वाळवावा. रासायनिक खताच्या रिकाम्या पोत्यावर वाळवू नये व त्यात भरूही नये, कारण खताचे कण नमुन्यात मिसळतात. दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून चिठ्ठी दोन्ही पिशव्यांच्या मध्ये ठेवावी.

६. प्रयोगशाळेस स्पष्ट लिहून द्यावे की शिसे व कॅडमियम तपासावयाचे आहेत. नेहमीच्या माती परीक्षणात लोह, मंगल, जस्त व तांबे यांपैकी उपलब्ध भाग तपासला जातो. शिसे व कॅडमियम मागितल्यावाचून तपासले जात नाहीत. ही तपासणी कोठे होईल, याची चौकशी अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागाकडे करावी.

अहवाल कसा वाचावा?

विद्युतवाहकतेचा आकडा पाण्यातील क्षार दाखवितो. तो ७५० मायक्रोम्होजच्या आत असल्यास पाणी साधारणतः चालते. ७५० ते २२५० पर्यंत निचऱ्याची जमीन व क्षार सोसणारे पीक पाहूनच द्यावे. २२५० च्या वर ते ओलितास अयोग्य समजावे. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट १.२५ च्या आत चांगले, १.२५ ते २.५० पर्यंत शंकास्पद व २.५० च्या वर अयोग्य. काळ्या भारी जमिनीत या मर्यादांच्या पुष्कळ आत राहणेच हिताचे. क्षार थोडे अधिक असल्यास कपाशी व गहू काही अंशी सोसतात. हरभरा व मूग सोसत नाहीत.

बीओडी हा आकडा पाण्यात सडणारी घाण किती, हे सांगतो. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा. प्रक्रिया करून नदीत सोडलेल्या कारखान्याच्या पाण्यात ३० च्या वर नसावा. नदीच्याच पाण्यात तो ३० च्या आसपास आढळला तर नदी व नाला यांत भेद राहिला नाही, असे समजावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस द्यावयाच्या पाण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली अशी मर्यादा सुचविली की १०० मिलिलिटरांत विष्ठेतील जंतू १,००० च्या वर नसावेत व एका लिटरात पोटातील जंतांचे अंडे एकाहून अधिक नसावे.

गाळाच्या बाबतीत प्रथम वरच्या नमुन्याशी तुलना करावी. खालच्या गाळात शिसे किंवा कॅडमियम वरच्यापेक्षा दुपटीहून अधिक असेल, तर तो शेतात नेऊ नये. दुसरे माप असे की शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतात दर किलोस शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, असे खत नियंत्रण आदेश सांगतो. खत एकरी थोडेच पडते. गाळ मात्र शेकडो गाड्या पडतो. म्हणून गाळ या मर्यादेला टेकला तरी तो नाकारावा.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत डोळे व नाक यांचा उपयोग करावा. पाण्यावर फेस, तेलाचा तवंग किंवा रंग दिसणे. मासे मरून वर येणे. गोगलगाई व जलकीटक नाहीसे होऊन चिखलात केवळ लाल अळ्या उरणे. पात्र जलपर्णीने भरून जाणे, ही सर्व लक्षणे बोलकी आहेत. जलपर्णी माजते ती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर. ती धातूही शोषून घेते; म्हणून अशा पात्रातील जलपर्णीचे खत तपासल्यावाचून भाजीपाल्यास घालू नये. गावाने एक नोंदवही ठेवून तीत दर आठवड्यास रंग, वास, फेस व मासे यांची नोंद करावी. त्यास पैसा लागत नाही, आणि वर्षाअखेर ती वही गावाचा पक्ष मांडते.

निकालानंतर काय करावे?

पाण्यात केवळ सेंद्रिय घाण व जंतू असतील, तर ते पालेभाज्यांस न देता कपाशीसारख्या न खाल्ल्या जाणाऱ्या पिकास द्यावे, शिंपडून न देता सरीतून द्यावे, पाणी देणाऱ्याने बूट घालावेत व काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. जनावरांस ते पाजू नये. क्षार अधिक असतील तर शेततळ्यातील पावसाच्या पाण्याची जोड देता येईल काय, हे पाहावे. जिप्सम घालण्यापूर्वी मातीचे परीक्षण करावे. धातू आढळल्यास मात्र उपाय एकच : ते पाणी व तो गाळ शेतात नेऊ नये. असा गाळ काठावर ढीग करूनही ठेवू नये, कारण पहिल्या पावसात तो पुन्हा नदीत उतरतो.

गाळाची गरज असल्यास शहराच्या वरच्या भागातील गावतलाव, पाझरतलाव व बंधारे यांतील गाळ आणावा. त्यात आपल्याच शेतांची माती असते. पेढीवर भातकुली तालुक्यातील निम्न पेढी प्रकल्पासारखे शहराच्या खालचे साठे मात्र वेगळे समजावेत. संथ पाण्यात वरून आलेले सारे बसते. तेथील गाळ काढण्याची वेळ येईल तेव्हा आधी नमुना, मग ट्रॉली.

‘थांबावे आम्हीच काय?’

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की घाण थांबविण्याचे काम घाण करणाऱ्याचे व शासनाचे आहे. परंतु आपली जमीन वाचविणे हे काम आपलेच आहे. एकासाठी दुसरे अडवून ठेवू नये.

गावकऱ्यांनी घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा होत नाही. १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या पाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितास सूचना देऊन घ्यावा लागतो व तो दोन भागांत विभागून मोहोरबंद करावा लागतो. परंतु गावाची नोंदवही व वरच्या-खालच्या नमुन्यांचा अहवाल हाती असला, तर मंडळाकडे मागणी करण्यास बळ येते. ग्रामपंचायतीने ठराव करून, अहवालाची प्रत जोडून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती किंवा अकोला येथील कार्यालयाकडे लेखी मागणी करावी, पोच घ्यावी व तीच प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांसही द्यावी. एका गावाने मागण्यापेक्षा काठच्या पाच गावांनी एकत्र मागणे अधिक परिणामकारक होते.

लोक एकत्र आले तर काय होते, हे अकोल्याने दाखविले आहे. जानेवारी २०१८ मध्ये सहा हजारांहून अधिक नागरिकांनी मोर्णेच्या चार किलोमीटर पात्रात चौदा ठिकाणी दोन्ही काठ साफ केले. पेढीच्या काठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांनी आयुष्यभर हातात खराटा धरून गावे झाडली. डोळ्यांना दिसणारी घाण काढण्याची शिकवण वऱ्हाडास त्यांच्यापासून मिळाली आहे. न दिसणारी घाण शोधावयाची तर खराट्याच्या जोडीस नमुन्याची पिशवी व नोंदवही हवी, इतकेच.

त्या वयस्क शेतकऱ्याने शेवटी रिकाम्या केलेल्या ट्रॉल्या पसरल्या नाहीत. गाळ उंच पडीक जागी प्लॅस्टिक अंथरून व झाकून ठेवला आणि दोन ठिकाणचे नमुने आमच्याबरोबर पाठविले. भाड्याचे पैसे वाया गेल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि ते खोटे नव्हते. परंतु निघताना त्यांनी स्वतःहून विचारले, ‘‘अहवाल कवा येईन साहेब? अन् वरच्या तलावातला गाळ तपासाले किती द्या लागते?’’

प्रत्येक काठच्या गावी हा प्रश्न गाळ काढण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. आपल्या कार्यक्षेत्रातून मोर्णा, पेढी किंवा पूर्णा वाहत असेल, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी तीन ठिकाणे निश्चित करून पहिले नमुने घ्यावेत आणि गावाची नोंदवही सुरू करून द्यावी, अशी विनंती आहे.